पाँडिचेरीस दोघांनी जावे

मुलाबाळांचा, लग्नकार्याचा किंवा कुलदेवतेचा कोणताही निमित्तसंबंध नसताना, केवळ परस्परांच्या संगतीत चार दिवस घालवावेत एवढ्याच हेतूने पतिपत्नींनी प्रवासास निघण्याची चाल आपल्या मध्यमवर्गात तशी अलीकडची आहे. आणि ती रूढ झाली तेव्हा तिने वाट धरली ती महाबळेश्वर-माथेरानच्या थंड हवेची. समुद्र ही आपल्या लेखी मुद्दाम जाण्याची जागा नव्हतीच. ज्यांचे आजोळ कोकणात, त्यांच्या तो परसदाराशी होता आणि मुंबईकरास तो कचेरीतून घरी परतताना चौपाटीवर आपसूक भेटत होता. असे असता चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरवर वसलेल्या पाँडिचेरीकडे नवविवाहितांचा, आणि आता सेवानिवृत्तांचाही, जो ओघ सुरू झाला आहे, त्याचे कारण समुद्र हे नसून त्या शहराचा फ्रेंचपणा हे आहे, हे तेथे पाऊल ठेवताच ध्यानात येते. पिवळी भिंत, तिला पांढरी किनार, वरून झुकलेली बोगनवेल आणि खाली उभे असलेले हसतमुख जोडपे, हे छायाचित्र इतक्या जणांच्या संग्रही आहे, की ते काढल्याशिवाय परत येण्यास बहुधा सरकारी मनाई असावी.

हे चित्र खोटे नाही. पण ते शहराच्या एका अंगाचे, आणि तेही नुकत्याच रंग दिलेल्या अंगाचे चित्र आहे. २००६ पासून अधिकृतपणे पुदुच्चेरी म्हटल्या जाणाऱ्या या गावाचे दुसरे अंग पाहिल्यावाचून पहिल्याचा अर्थ लागत नाही. आणि मराठी माणसाच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी, की या गावाच्या इतिहासात शिरण्यास आपल्याला फ्रान्सवरून वळसा घालण्याचे कारणच नाही, कारण त्याचा एक दरवाजा आपल्याच बखरींच्या बाजूने उघडतो. आम्ही उभयता तेथे गेलो तेव्हा माझा ओढा साहजिकच त्या दरवाजाकडे होता आणि पत्नीचा घरांकडे. प्रवासातील मतभेद हा संसारातील मतभेदांहून पुष्कळच फलदायी असतो, असा माझा अनुभव आहे. कारण एकाने जे वगळले असते ते दुसऱ्यामुळे पाहावे लागते.

शहराची रचना समजण्यास सोपी आहे. लांबट अंडाकृती असा एक रुंद रस्ता, ज्याला तेथे बुलवार म्हणतात, जुन्या गावाला सर्व बाजूंनी वेढतो. पूर्वीचा तट याच रेषेने गेलेला होता. आत काटकोनात छेदणाऱ्या सरळ गल्ल्या आहेत, ज्यांची आखणी १६९३ ते १६९९ या काळात डचांचा अंमल असताना प्रथम व्यवस्थितपणे झाली, आणि त्यांच्या मधून दक्षिणोत्तर जाणारा एक बांधीव कालवा आहे. कालव्याच्या पूर्वेस समुद्रालगत गोऱ्यांची वस्ती आणि पश्चिमेस, विस्ताराने कितीतरी मोठी, तमिळांची, ही विभागणी इतकी रोखठोक होती, की जुन्या नकाशांवर ती 'गोरे शहर' आणि 'काळे शहर' अशा निःसंकोच शब्दांत लिहिलेली आढळते. पूर्वेकडील रस्त्यांना अद्यापही ला बुर्दोने, सुफ्राँ, द्यूमा अशा फ्रेंच सरदार-सुभेदारांची नावे आहेत. गांधीजींचे आणि विवेकानंदांचे चरित्र लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँचाही एक रस्ता आहे. निळ्या पाट्यांवर फ्रेंच व तमिळ अक्षरे एकाखाली एक लिहिलेली दिसतात. चौकात लाल उभट टोपी घातलेला शिपाई उभा असतो. टोपी फ्रान्सची, शिव्या मात्र अस्सल तमिळ.

पण जे जुने म्हणून आपण पाहतो ते किती जुने आहे? गावाच्या मध्यभागी, जेथे आज भारती पार्क नावाचे शांत उद्यान आणि त्यात तिसऱ्या नेपोलियनच्या काळी उभारलेला पांढराशुभ्र आयी मंडप आहे, तेथे एके काळी पंचकोनी किल्ला होता, त्याचा आता दगडही दिसत नाही. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर काय झाले हे मराठी वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कित्येक महिन्यांच्या वेढ्याने उपासमारीस आलेले पाँडिचेरी इंग्रज सेनापती आयर कूट याच्या स्वाधीन झाले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी एका पानावर कधी मांडली नाही. हिंदुस्थानच्या राजकारणातील दोन मोठे प्रतिस्पर्धी, एक उत्तरेस अब्दालीकडून आणि दुसरा दक्षिणेस इंग्रजांकडून, जानेवारीच्या त्या दोन दिवसांत जमीनदोस्त झाले, आणि पुढील अर्धशतकाची वाट कोणास मोकळी झाली हे उघड आहे. दोन्ही प्रसंगांना जोडणारा एक दुवाही आहे. पानिपतावर ज्याच्या कवायती पलटणींनी शर्थ केली तो इब्राहिमखान गारदी ज्याच्या हाताखाली तयार झाला, तो बुसी पाँडिचेरीचाच सेनानी. १७८५ साली तो याच गावी वारला आणि येथल्याच दफनभूमीत त्याचे थडगे आहे. गाव शरण आल्यावर इंग्रजांनी ते पद्धतशीरपणे पाडले. तट, किल्ला, गव्हर्नरचा वाडा, काहीही शिल्लक ठेवले नाही; आणि गाव घालवणारा फ्रेंच गव्हर्नर लाली याचा पुढे पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला. तहानुसार फ्रेंचांना परत मिळाली ती राडारोड्याची रास. तेव्हा आज ज्या भिंतींना टेकून छायाचित्रे निघतात त्या सर्व त्यानंतरच्या, पुष्कळशा तर एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. याने त्यांचे सौंदर्य कमी होते असे नाही. उलट एवढी समूळ मोडतोड झाल्यावरही जुन्याच आखणीवर पुन्हा गाव उभारण्याच्या जिद्दीचे कौतुकच वाटते.

या विध्वंसाशी निगडित एक कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. ल जांती नावाचा एक फ्रेंच ज्योतिर्विद १७६० साली मायदेशाहून निघाला होता. जून १७६१ मध्ये शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता, त्याचे वेध पाँडिचेरीहून घ्यावेत आणि त्यावरून सूर्याचे अंतर काढण्याच्या कामी साहाय्य करावे, असा त्याचा मानस. वाटेत बातमी आली की गाव इंग्रजांच्या हाती गेले आहे. अधिक्रमण झाले तेव्हा तो भर समुद्रात, हेलकावणाऱ्या जहाजावर होता, जेथून वेध घेणे अशक्यच. पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होणार होते. बहाद्दर परत गेलाच नाही. हिंदी महासागरातील बेटांवर आणि फिलिपाइन्समध्ये त्याने काळ घालवला, फ्रेंचांचा अंमल पुन्हा बसल्यावर पाँडिचेरीत येऊन पडक्या अवशेषांवर वेधशाळा बांधली, आणि ४ जून १७६९ च्या पहाटे नेमके आभाळ भरून आले. तो अखेर घरी पोहोचला तेव्हा त्यास मृत समजून वारसांनी मिळकतीच्या वाटण्या चालवल्या होत्या. पत्नी म्हणाली, "अहो, निदान त्याला घरून पत्रे तरी नियमित यायला हवी होती."

कालवा ओलांडून पश्चिमेस गेल्यावर मात्र आमच्या प्रवासाची सूत्रे तिच्या हाती गेली. पूर्वेकडची फ्रेंच घरे रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेली असतात. उंच कुसू, त्यात नक्षीदार फाटक, आणि घराचे जे काही वैभव ते आतल्या बागेत व कमानींच्या सज्जात. तमिळ घराचा स्वभाव नेमका उलटा. रस्त्यालगत लाकडी खांबांवर तोललेली कौलारू पडवी, तिला ताळवारम म्हणतात, आणि तिच्या आत दाराच्या दोन्ही अंगांस बांधलेले ओटे, ज्यांना तिण्णै हे नाव. यांपैकी पहिली सावली वाटसरूची, दुसरी पाहुण्याची आणि उंबऱ्याच्या आतली घरच्या माणसांची, अशी ही पायरीपायरीने खासगी होत जाणारी रचना कोकणातील ओटी-पडवीत वाढलेल्या माणसास परकी वाटत नाही. व्यश्याल रस्त्यावर अशा घरांची एक सलग ओळ डागडुजी करून पूर्ववत राखण्यात आली असून, त्या कामास युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले आहे. काही घरांत दोन्ही संस्कृतींची मजेदार तडजोड झालेली दिसते: तळमजला खांब, ओटे आणि कोरीव दरवाजासह अस्सल तमिळ, आणि माडीवर अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या व चुनेगच्चीचे कठडे, जणू सासऱ्याने खाली आणि जावयाने वर बांधकाम काढले.

या मिश्र घरांतील सर्वांत नामांकित घर आनंद रंग पिळ्ळे यांचे. मोठ्या बाजाराजवळची ही वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, म्हणजे विध्वंसातून वाचलेल्या फार थोड्या वास्तूंपैकी आहे. पिळ्ळे हे फ्रेंच कंपनीचे मुख्य दुभाषी. दुभाषी म्हणजे केवळ भाषांतर करणारा नव्हे, तर व्यापार, वसुली, नजराणे आणि दरबारी मसलती या सर्वांचा कारभारी. १७३६ पासून मृत्यूपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, या गृहस्थाने तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. तीत जहाजांची आवक, मालाचे भाव, तोफांच्या सलामी, हत्तीघोड्यांचे नजराणे, मानापमान, ग्रहमान असे सर्व काही आहे. आपल्या पेशवे दप्तरातील कागदांची ज्यांना गोडी आहे त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर अवश्य चाळावे. या रोजनिशीतील सर्वांत ठसठशीत व्यक्तिरेखा गव्हर्नर डूप्ले याची नसून त्याच्या पत्नीची आहे. ही झान बाई पाँडिचेरीतच जन्मलेली, आजोळच्या बाजूने काही अंशी हिंदी रक्ताची, तमिळ बोलणारी, आणि पदरी कित्येक मुले असलेली विधवा असताना १७४१ साली तिने डूप्लेशी पुनर्विवाह केलेला. देशी दरबारांशी चालणाऱ्या पत्रव्यवहारात तिचा हात असे, हेरांचे जाळे तिचे स्वतःचे असे, आणि या सर्व व्यवहारात तिने केलेली ढवळाढवळ पिळ्ळे यांना इतकी असह्य होई, की बाईंविषयी त्यांनी लिहिलेल्या मजकुरात एकही बरा शब्द सापडणे कठीण. मला पिळ्ळे यांची बाजू खरी वाटते. पत्नीचे मत असे, की त्या काळात नवऱ्याच्या बरोबरीने राज्य चालवणाऱ्या बाईचे चरित्र तिच्या प्रतिस्पर्धी कारभाऱ्याच्या रोजनिशीवरून ठरवणे न्यायाचे नव्हे. यावर आमची रुजुवात अद्याप व्हायची आहे. १७४८ च्या इंग्रजी वेढ्याच्या धामधुमीत वेदपुरीश्वराचे पुरातन देवालय फ्रेंचांनी पाडले, त्या दुःखद प्रसंगाचा तपशीलही याच रोजनिशीत आहे. पुढे ते देवालय दुसऱ्या जागी उभे राहिले. स्वतः पिळ्ळे १२ जानेवारी १७६१ रोजी वारले. ज्या सत्तेची त्यांनी आयुष्यभर सेवा केली तिचा पाडाव पाहण्याचे दैवाने त्यांना तीन दिवसांनी चुकवले.

सायंकाळी सहानंतर समुद्रकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि सारे गाव तेथे लोटते. १८३६ साली प्रथम उजळलेले जुने दीपगृह, महायुद्धात पडलेल्या फ्रेंच सैनिकांचे स्मारक आणि गांधीजींचा उंच पुतळा ही सर्व या एकाच रस्त्यावर. परंतु पुळणीवर हातात हात घालून चालण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या जोडप्यांना पुळणीऐवजी काळ्या धोंड्यांची रास भेटते, तेव्हा त्यांचा हिरमोड होतो, त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्व किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ लाटा तिरप्या येतात आणि किनाऱ्याची वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत नेतात. म्हणजे पुळण ही स्थावर नसून, सतत पुढे जाणारी आणि मागून भरून निघणारी अशी मिळकत आहे. १९८० नंतरच्या दशकात शहराच्या दक्षिणेस बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले गेले, त्यांनी ही वाळू अडवली. बांधाच्या दक्षिणेस ती साचत राहिली आणि उत्तरेस, म्हणजे शहरापुढे, होती ती वाहून गेली, नवी आली नाही. शहर वाचवण्यासाठी धोंडे टाकावे लागले. धोंडे संपतात तेथून पुढच्या कोळीवाड्यांची जमीन खचू लागली. अलीकडे पाण्याखाली कृत्रिम बांध घालून एका तुकड्यापुरती पुळण पुन्हा जमवण्यात यश आले आहे, आणि तेवढ्यावर मुले धावताना दिसतात. उसळत्या पाण्याजवळ धोंड्यांवर उतरून छायाचित्रे काढण्याचे धाडस मात्र कोणी करू नये.

राज्य फ्रेंचांचे असल्यामुळे इंग्रजांचा पोलीस येथे हात घालू शकत नसे, आणि या एका सवलतीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव फरारी देशभक्तांचे आश्रयस्थान झाले. कवी सुब्रह्मण्य भारती १९०८ पासून दहा वर्षे येथे राहिले; त्यांचे तमिळ वस्तीतील घर आज स्मारक आहे. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांचे निकटचे सहकारी असलेले व्ही. व्ही. एस. अय्यर १९१० साली येथेच आले. त्याच वर्षी ४ एप्रिलला श्रीअरविंद उतरले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत तेरा वर्षे काढल्यामुळे त्यांना मराठी येत होते, आणि ज्यांच्याकडून त्यांनी मन निःशब्द करण्याची पहिली दीक्षा घेतली ते विष्णु भास्कर लेले मराठी होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. श्रीअरविंदांच्या आश्रमातील समाधीपाशी दोघांनी बसावे, पण शेजारी बसून बोलू नये, असा तेथील शिरस्ता आहे आणि तो काटेकोरपणे पाळला जातो. किती जोडप्यांना हे अर्धा तास साधते, याची मला शंका आहे.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, सकाळी पावभट्टीतून आलेला लांब फ्रेंच पाव आणि दुपारी केळीच्या पानावरचा भात यांत विरोध मानू नये. गोव्याच्या विंदालूचा चुलत भाऊ शोभेल असा विंदाई नावाचा पदार्थ जुन्या ख्रिस्ती घरांत होतो, तो मांसाहाऱ्यांनी मिळाल्यास चुकवू नये. दादरहून पुणे, मिरज, बेळगाव अशी थेट पुदुच्चेरीस जाणारी आगगाडी आहे. घाई असणाऱ्यांनी चेन्नईपर्यंत विमानाने जाऊन पुढे किनाऱ्याच्या सडकेने जावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील पावसाळा, आपल्या पावसाळ्याच्या हिशेबाने फसू नये. २०१४ च्या नोव्हेंबरात अशाच पावसात जुने नगरभवन कोसळले होते आणि आज दिसते ती त्याची पुन्हा बांधलेली प्रतिकृती आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जाणे उत्तम.

आणि गेल्यावर एक दिवस शहराबाहेर काढावा, तो जिंजीसाठी. गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे कोरीव ग्रॅनाइटचे खांब आहेत ते जिंजीहून आणलेले, तेव्हा आमंत्रण समुद्रकाठीच मिळालेले असते. सुमारे सत्तर किलोमीटरवरील हा तीन टेकड्यांचा किल्ला शिवछत्रपतींनी १६७७ च्या कर्नाटक स्वारीत घेतला. त्या वेळी पाँडिचेरीची फ्रेंच वखार अवघी तीन वर्षांची होती; ती ज्याच्या परवानगीने बसली त्या विजापूरच्या सरदाराचा, शेरखान लोदीचा, महाराजांनी पराभव केल्यामुळे वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ पेचात पडला आणि त्याने महाराजांकडे वकील पाठवून राहण्याची मुभा मिळवली. मार्तँच्या आठवणींत त्या छावणीचे वर्णन आहे: थाटमाट नाही, बायका नाहीत, बाडबिस्तरा नाही, साध्या कापडाचे दोन लहान तंबू, एक महाराजांचा, एक प्रधानाचा. म्हणजे फ्रेंच पाँडिचेरीच्या बाल्यावस्थेत तिचे असणे-नसणे मराठ्यांच्या मर्जीवर होते. पुढे औरंगजेबाच्या स्वारीच्या सर्वांत कठीण काळात राजाराम महाराजांनी याच जिंजीवरून आठ वर्षे राज्य चालवले, आणि झुल्फिकारखानाने किल्ला घेतला तो १६९८ मध्ये, महाराज निसटून गेल्यावर. १७५० साली तो बुसीने घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले नोंदले गेले, त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला तो हाच.

त्या तीन टेकड्यांपैकी राजगिरीची चढण उन्हाच्या आधी सुरू करावी, पाणी बरोबर घ्यावे आणि माकडांपुढे पिशवी उघडू नये. अर्ध्या वाटेवर पत्नीने सावलीची जागा धरली आणि मला वर पिटाळले; खाली कल्याण महालाच्या मजल्यांची आणि कोठारांची पाहणी तिने तोवर मजहून अधिक बारकाईने केली होती. परतीच्या वाटेवर तिने ठरवून टाकले, की पुढच्या खेपेस मुक्काम कालव्याच्या पश्चिमेस, तिण्णै असलेल्या एखाद्या घरात करायचा, आणि डूप्लेबाईंविषयीचा वाद त्या ओट्यावर बसून मिटवायचा.